अधिकातले वाण

जयेंद्रगंज, लष्कर
ता. १२ जून १९३६

ती. सौ. राजलक्ष्मीवन्सं यांस शामलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण तुमच्या आई. प्रकृती उत्तम आहे, तेव्हा घाबरू नका. घाबरायचे कारण वेगळेच आहे.

दरबारचा नवा हुकूम निघाला आहे. ज्याला अफूची सवय आहे त्याने दफ्तरात नाव लिहवून पास घ्यायचा. पासावर मिळेल तेवढीच खायची, आणि तीही दर महिन्याला थोडी थोडी कमी होणार. बिनपासाची अफू घरात सापडली तर गुन्हा. नावे देण्याची मुदत दसऱ्यापर्यंत. मग झडत्या सुरू, आणि सगळ्यांत आधी आबकारीत नोकरीला असलेल्यांच्या घरांच्या. ज्याच्या घरी सापडेल त्याची नोकरी गेली.

तुमचे बंधू आबकारीचे इन्स्पेक्टर. गोरखी वाड्याजवळच्या दफ्तरातून या हुकमाच्या प्रती त्यांनीच वाटल्या. परवा घरी आले, हातपाय धुतले आणि मला हळूच म्हणाले, "आईचं काय करायचं?"

सासूबाईंची चांदीची डबी देवघरात बाळकृष्णाच्या मागे असते. सकाळची पूजा झाली की त्यातली हरभऱ्याएवढी गोळी, आणि दिवेलागणीला तेवढीच. डबी सोवळ्यातली, म्हणजे माझा हात लागायचा नाही. सबंध लष्कर शहरात कुणाच्याही कोठारात हात घालणारे इन्स्पेक्टरसाहेब स्वतःच्या देवघराच्या उंबऱ्याशी उभे राहतात.

"आई, पास काढू या," असे इकडून म्हणून पाहिले. सासूबाई म्हणाल्या, "काढ की. यादी चावडीवर वाचून दाखवणार ना? मग नीट लिही. विजयाबाई, भगिनी मंडळाच्या अध्यक्षा."

पास तिथेच राहिला. दर बुधवारी खासगी बाजारातल्या राममंदिरात मंडळ भरते आणि लेकुरवाळ्या बायकांना सासूबाई समजावतात, की पोर निजावे म्हणून त्याला अफूची गोळी चाटवू नका, पोरे सुकतात. फार छान बोलतात. गोळी घेऊन अर्धी घटका झाली असेल तर विशेषच छान.

ठेक्याच्या दुकानाची पायरी त्या कधी चढलेल्या नाहीत. मग डबी भरते कुठून? तुम्ही लेक, आणि मंदसोरात राहता, जिथे शेतेच अफूची. म्हणून आपले विचारले. दुसरा हेतू नाही.

आपली,
शामला

*

मंदसोर
ता. २१ जून १९३६

चि. सौ. शामला हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मंदसोरात अफूची शेते आहेत हे खरे. माघात पांढरी फुले येतात, फार सुंदर दिसतात. माझा त्यांच्याशी संबंध एवढाच.

डबी कुठून भरते हे मला काय ठाऊक? तुमच्या लष्करात काय मिळत नाही? आणि आईला गुडघ्यांचा त्रास आहे हे तू विसरू नकोस. बाबा गेले त्या वर्षी वैद्यांनीच तिला ही गोळी लावली. वैद्यही आता गेले. गोळी तेवढी राहिली.

भालूला सांग, आईशी वाद घालून कुणी जिंकलेले नाही. ती ऐकते ते फक्त देवाचे. चातुर्मास आलाच आहे. दर वर्षी ती कारले सोडते, जे तिने जन्मात तोंडात घातलेले नाही. या वर्षी देवानेच तिला सांगितले की बाई, दुसरे काही सोड, तर गोष्ट वेगळी.

हे सुखरूप. शाळेत हेडमास्तर झाल्यापासून घरीही घंटा वाजल्यासारखे जेवायला बसतात. थोडी खसखस पाठवते आहे. ती आईच्याच हातात दे, तिला ती निवडायची सवय आहे.

तुझी,
राजलक्ष्मी

*

जयेंद्रगंज, लष्कर
ता. ३ जुलै १९३६

ती. वन्सं यांस सा. न.

तुम्ही थट्टेने लिहिलेत, मी मनावर घेतले.

एकादशीच्या आधी उपासाचा रताळ्याचा कीस घेऊन गोपाळकृष्ण भटजींच्या घरी गेले. म्हटले, या वर्षी बायकांनी चातुर्मासाचा नेम मनातल्या मनात न करता सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावा, म्हणजे मोडायची भीती राहील. भटजींना रताळे आवडले आणि कल्पनाही.

एकादशीला देऊळ भरले होते. मंडळातल्या मंदाताईंनी चहा सोडला. सुनंदाने विडा सोडला आणि लगेच शेवटचा म्हणून एक तोंडात घातला. मग सासूबाईंची पाळी. ओठांवर "कारलं" आलेच होते. तेवढ्यात पुढच्या रांगेत मांडीवर पोर घेऊन बसलेली टांगेवाल्याची बायको म्हणाली, "माँजी, आपने कहा तो मैंने गोली बंद कर दी. तीन रात बच्चा रोया, उसके साथ मैं भी रोई. आप क्या छोड़ोगी?"

तिच्या मनात काही नव्हते हो, सहज विचारले. पण सासूबाईंनी त्या पोराकडे पाहिले आणि ओठांवरचे कारले गिळले. मग म्हणाल्या, "जे मला सुटत नाही, ते."

बायका "वा वा" म्हणाल्या. सुनंदा माझ्या कानाशी लागली, "विजयाबाईंना बोलणं सुटत नाही. ते सोडतात की काय?"

घरी आल्यावर देवघराचे दार लोटून घेतले, पण दाराला फट आहे. बाळकृष्णाशी बोलणे चालले होते ते असे: "एकदम सोडलं तर मी मरेन आणि तुझी पूजा राहील. तेव्हा आषाढात मुगाएवढी, श्रावणात मोहरीएवढी. भाद्रपद लागला की बंद. कबूल?" बाळकृष्ण काही बोलला नाही. त्याचा अर्थ सासूबाईंनी होकार घेतला.

म्हणजे दसऱ्याच्या पुष्कळ आधी डबी रिकामी. इकडची स्वारी त्या दिवसापासून जेवताना गुणगुणते आहे.

आणखी एक. या वर्षी भाद्रपद अधिक आहे, चातुर्मास पाच महिन्यांचा. सासूबाईंनी नवे पंचांग अजून उघडलेले नाही. नेम पाच महिने पाळावा लागणार हे त्यांना ठाऊक नाही, आणि मी काही सांगायला जाणार नाही. देव मला क्षमा करील.

आपली,
शामला

*

मंदसोर
ता. २२ ऑगस्ट १९३६

चि. सौ. शामला हीस आशीर्वाद.

दीड महिना उत्तर लिहिले नाही. आज लिहावेच लागते आहे.

आईचे पत्र आले आहे, मंदाताईंच्या हातचे. त्यात एवढेच, की अधिक लागला, जावयांना वाणाला पाठव, तेहतीस अनारसे घालायचे आहेत, बरोबर खसखस पाठव. आणि खाली, "नेहमीपेक्षा जास्त." मंदाताईंना वाटले असेल, अनारसे जास्त म्हणून खसखस जास्त.

शामला, डबी मी भरते. सहा वर्षे भरते आहे. फडक्यात गोळा बांधून खसखशीच्या पिशवीच्या मधोमध घालते. आमच्या गड्याच्या भावाचे शेत आहे. ह्यांना काही ठाऊक नाही, ठाऊक झाले तर मला वर्गाबाहेर उभी करतील.

बाबांचे दिवस झाले, मी मंदसोरला परत निघाले तेव्हा आई मला पोचवायला दारापर्यंतसुद्धा येऊ शकली नाही. पुढच्या खेपेला गोळी घेऊन ती टांग्यापर्यंत चालत आली. मग मी कशी नाही म्हणणार होते? आता तूच सांग काय करू. जास्त कशाला मागते आहे ती? भाद्रपदापासून बंद ना?

तुझी,
राजलक्ष्मी

*

जयेंद्रगंज, लष्कर
ता. २८ ऑगस्ट १९३६

ती. वन्सं यांस सा. न.

डबी तुम्ही भरता हे मला चार वर्षे माहीत आहे. आपल्याकडे अनारसे होतात दिवाळीला. खसखस येते वर्षातून चारदा. इतकी खसखस तर हलवायालाही लागत नाही. तुम्ही स्वतः सांगावे म्हणून वाट पाहत होते.

आता माझी फजिती ऐका. अधिकाच्या पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत म्हटले, "सासूबाई, भाद्रपद लागला." त्या म्हणाल्या, "लागला. पण तो अधिक. मलमासात नवा नेम धरत नाहीत. माझं बंद व्हायचं ते निज भाद्रपदापासून." मी भटजींकडे धावले. भटजींनी पोथी काढली, पान शोधले, आणि अगदी दुःखी चेहऱ्याने सांगितले की विजयाबाईंचेच बरोबर आहे. मी पंचांग लपवून बसले होते. त्यांनी ते जूनमध्येच वाचले होते. मोहरीएवढी गोळी आणखी महिनाभर चालणार ती माझ्या हुशारीवर.

बरे, आहे त्या डबीत हा महिना निघून वर दोन तोळे उरतील, असे इकडून फटीतून पाहून सांगितले. मग जास्त मागवतात ते पुढच्या तरतुदीसाठी. नेम संपला की कार्तिकात पुन्हा सुरू. आणि कार्तिकात आमच्या घराची झडती होऊन गेलेली असणार, आणि सोवळ्यातल्या देवघरात शिपाई शिरणारच नाहीत, असे त्यांचे गणित साधे आहे.

आता नीट वाचा. माळव्याकडून येणाऱ्या गाडीचे सामान सध्या स्टेशनवर तपासतात. वाणाला येणाऱ्या माधवरावांना उतरवून घ्यायला तुमचे बंधू जाणार, आणि त्यांच्या शेजारी त्यांचे वरचे साहेब शिवाजीराव उभे असणार. पिशवीत गोळा निघाला तर तुमच्या भावाने तुमच्या नवऱ्याला धरायचे, नाहीतर स्वतःची नोकरी सोडायची. तिसरी वाट नाही.

पिशवी तुम्ही भरायची आहे. आई तुमची आहे. मी काही सांगत नाही.

आपली,
शामला

*

मंदसोर
ता. ५ सप्टेंबर १९३६

चि. सौ. शामला हीस आशीर्वाद.

उद्याच्या गाडीने हे निघतात. पिशवी मीच भरली, मीच शिवली. आत काय आहे ते लिहीत नाही. तुला कळले तर तुझ्या तोंडावरून भालूला कळेल, आणि भालूच्या तोंडावरून सगळ्या स्टेशनाला.

पिशवी आईच्याच हातात द्यावी, असे ह्यांना बजावले आहे. तिला चाळणी काढून दे.

तुझी,
राजलक्ष्मी

*

जयेंद्रगंज, लष्कर
ता. १२ सप्टेंबर १९३६

ती. वन्सं यांस सा. न.

माधवराव काल परत निघाले. ते पोचण्याआधी हे पत्र पोचले तर बरे.

स्टेशनवर शिवाजीरावांनी पिशवी पाहताच उसवली आणि वर्तमानपत्रावर ओतली. इकडचा रंग त्या वेळी खसखशीसारखा झाला होता म्हणतात. शिवाजीरावांनी बोटे फिरवली, चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाले, "अच्छी है." निव्वळ खसखस होती. माधवरावांनी मात्र फलाटावरच शिवाजीरावांना सुनावले, की शिवण उसवताना धागा एका टोकाकडून ओढावा, मधे कापू नये.

घरी सासूबाईंनी सोवळे नेसून, चाळणी घेऊन देवघराचे दार लावले. चाळण्याचा आवाज बराच वेळ येत होता. एकदा चाळून झाली, मग पुन्हा पहिल्यापासून. मग आवाज थांबला. मी फटीतून पाहिले नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. मला एवढेच म्हणाल्या, "राजी मोठी झाली गं."

दुपारी वाण. माधवरावांना पाटावर बसवले. चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे, वर टांगलेला लामणदिवा, ताट केळीच्या पानाने झाकलेले. सासूबाईंनी स्वतः उदक सोडले. माधवरावांनी पान उचलले तर अनारशांच्या मधोमध डबी.

"ही काय सुपारी?" म्हणून त्यांनी उघडली, वास घेतला आणि तशीच मिटली. इकडची स्वारी भिंतीला टेकली.

माधवराव म्हणाले, "सासूबाई, हे मला नको."

"जावई म्हणजे विष्णू," सासूबाई म्हणाल्या. "विष्णूला दिलेलं परत घेत नसतात. तुम्ही परत केलंत तर माझा सगळा अधिक फुकट."

"अहो, पण ही अफू आहे."

"होती. आता ती वाण आहे. आणि वाण इथे ठेवायचं नसतं, आपल्या घरी न्यायचं असतं."

मग बैठकीत मेहुण्या-मेहुण्यांची मसलत झाली. फेकली तर गुन्हा, ठेवली तर गुन्हा. जमा करायची तर जमा करणाऱ्याचे नाव यादीत. इथे जमा केली तर अख्खे दफ्तर विचारणार, की इन्स्पेक्टरसाहेबांच्या कोणत्या खोलीतून आली. शेवटी माधवरावच म्हणाले, "मी मंदसोरच्या दफ्तरात जमा करीन. नियम तो नियम." इकडून चिठ्ठी लिहून दिली, की सदर इसम अफू जमा करण्यासाठी नेत आहे. सदर इसम हे दोन शब्द वाचून माधवरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

सासूबाईंची अवस्था आता लिहिते. मोहरीएवढीसुद्धा नाही. जांभया येतात, नाक गळते, गुडघे रात्रंदिवस ठणकतात. मी तेल चोळते तर म्हणतात, "जोरात चोळ, कणीक मळताना असते ती ताकद कुठे गेली?" काल तुपाला नावे ठेवली, आज मला. पण देवघराकडे पाहून एकदासुद्धा हात पुढे केला नाही. मी त्यांची सून आहे, सहसा कौतुक करीत नाही. हे करते.

आपली,
शामला

*

मंदसोर
ता. १६ ऑक्टोबर १९३६

चि. सौ. शामला हीस आशीर्वाद.

तुझे पत्र ह्यांच्या मागून पोचले. तोवर व्हायचे ते झाले होते.

हे स्टेशनवरून थेट दफ्तरात गेले. कारकुनाने नोंदवही उघडली. नाव, वय, धंदा, सवय केव्हापासून. दुसऱ्याची अफू जमा करणाऱ्यासाठी वेगळा रकाना नव्हता. ह्यांनी खोटे बोलायचे नाही असे ठरवलेले, आणि सासूचे नावही घ्यायचे नाही असे ठरवलेले. शेवटी कारकुनाने तिसऱ्यांदा विचारले, "हेडमास्तरसाहब, कब से?" तेव्हा म्हणाले, "सासुरवाडीहून आल्यापासून." कारकुनाने ते तसेच लिहिले.

पुढच्या मंगळवारी चावडीवर यादी वाचली. हे तेविसावे. दुसऱ्या दिवशी दूधवाला दारात उभा राहून ह्यांना म्हणाला, "मास्टरजी, शर्म की बात नहीं, मेरे बाप की भी छूट गई थी." मुलांचे पालक ह्यांना पाहून आधी हळहळतात, मग डोळ्यांत निरखून बघतात.

मग महिना सरला. ह्यांनी पासावर गुंजभरही उचलली नाही. साहेबांनी वही पाहिली आणि शेरा मारला, की पहिल्याच महिन्यात पूर्ण सुटलेला सबंध जिल्ह्यात हा एकच इसम. शाळेत सभा भरवली, ह्यांना हार घातला. आता गावोगाव जाऊन आपला अनुभव सांगावा असा हुकूम आला आहे.

त्या रात्री मी ह्यांना सगळे सांगितले. सहा वर्षे, पिशवी, गोळा, सगळे. पाठवली मी आणि हार पडला ह्यांच्या गळ्यात, हे मला सोसेना. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटले, हे आता असेच चालणार. तिसऱ्या दिवशी जेवताना मान वर न करता विचारले, "ती सोडताना पहिल्यांदा काय होतं? जांभया, की आधी नाक? भाषणात क्रम चुकायला नको."

तू आईचे जे लिहिलेस ते मी त्यांना वाचून दाखवते आहे. सविस्तर लिहीत जा.

तुझी,
राजलक्ष्मी

*

जयेंद्रगंज, लष्कर
ता. २९ ऑक्टोबर १९३६

ती. वन्सं यांस सा. न.

परवा झडती झाली. शिवाजीराव चार शिपाई घेऊन आले. सासूबाईंनी शिपायांना ओसरीवर बसवले आणि शिवाजीरावांना विहिरीवर आंघोळीला पाठवले. ओलेत्याने आत आले, सोवळे नेसले, हात जोडून देवघर पाहिले. बाळकृष्ण उचलून त्याच्या मागेही पाहिले. मग तीर्थ घेऊन, प्रसाद घेऊन, कागदावर "काही नाही" लिहून गेले. इकडची नोकरी शाबूत आहे. जेवताना पुन्हा गुणगुणणे सुरू झाले आहे, आता मला त्याचा कंटाळा येतो.

काल बुधवार, मंडळ भरले होते. मंदसोरच्या हेडमास्तरांची कीर्ती इथवर आली आहे, ते कुणाचे जावई हे ठाऊक नसलेल्यांपर्यंतसुद्धा. सुनंदाने सुचवले, की कार्तिकी एकादशीला त्यांना व्याख्यानाला बोलवावे. सगळ्या बायका सासूबाईंकडे पाहू लागल्या. मी जमिनीकडे पाहू लागले.

सासूबाई म्हणाल्या, "अवश्य बोलवा. व्यसन कसं सोडावं हे ज्याने सोडलं त्याच्याच तोंडून ऐकावं. अध्यक्षस्थानी मी बसेन." चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

टांगेवाल्याची बायको मागाहून पाया पडायला आली. पोर बाळसे धरते आहे. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतले, तर गुडघा दुखून तोंड वेडेवाकडे झाले. पोराला वाटले आपल्यासाठीच केले, ते हसले.

मंडळाचे रीतसर निमंत्रण सोबत आहे. तुम्हीही या. माधवरावांसाठी सासूबाईंचा वेगळा निरोप आहे, तो त्यांच्याच शब्दांत लिहिते: "जावईबापूंना सांग, भाषण आटोपशीर करा. मला आता फार वेळ एका जागी बसवत नाही."

आपली,
शामला